फरकाचा रकाना

पीएचडीची प्रवेश परीक्षा झाली की आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. एमसीए नाहीतर एमबीए झालेलं असतं, थोडंफार पायथन येत असतं आणि प्रश्न बहुतेक एकच असतो, "ताई, फायनान्समध्ये मशीन लर्निंग करायचंय, विषय कोणता घेऊ?" फोनवर घाईघाईत नेमकं महत्त्वाचं ते राहून जातं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

विषय नंतर ठरवा. मशीन लर्निंग म्हणजे जुन्या आकड्यांवरून संगणकाला शिकवणं, म्हणून आधी आकडे कुठून आणणार आणि ते आकडे कोणी, कशासाठी लिहून ठेवलेत, ते बघा. एवढी गोष्ट कळायला माझं दीड वर्ष गेलं.

मी चोपडा तालुक्यातली, घरची केळी. पण सुरुवात केली ती थेट युरोपातून. या क्षेत्रात येणारा जवळपास प्रत्येक जण क्रेडिट कार्डच्या ज्या डेटासेटवर हात बसवतो, तोच मीही घेतला. युरोपातल्या कार्डधारकांचे सप्टेंबर २०१३ मधल्या दोन दिवसांचे व्यवहार आहेत त्यात. एकूण २,८४,८०७, त्यांतले फसवणुकीचे फक्त ४९२. फसवणूक ओळखायला शिकवलेला प्रोग्राम, म्हणजे मॉडेल, चालवलं, अचूकता ९९.९ टक्के आली. आनंदाने सरांना दाखवायला गेले. सरांनी स्क्रीनकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "एकही फसवणूक नाही असं डोळे मिटून सांगितलं, तर किती येतील?" तिथेच कागदावर भागाकार केला. ९९.८३ टक्के.

त्या दिवसापासून अचूकतेचा आकडा मी एकटा कधी लिहिला नाही. दोन प्रश्न विचारायचे. ४९२ चोरांपैकी हाती किती लागले? आणि ज्यांना चोर म्हटलं, त्यांत खरोखरचे चोर किती? पहिल्याला रिकॉल म्हणतात, दुसऱ्याला प्रिसिजन. नवे लोक पहिल्याच्या मागे धावतात. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात कृषी केंद्रात बियाणं घ्यायला आलेल्या माणसाचे पैसे मशीनने संशय घेऊन अडवले, तर पेरणी थांबते. तो खर्चही तुमच्याच मॉडेलचा आहे.

या डेटासेटची आणखी एक अडचण आहे. गोपनीयतेसाठी त्यातले २८ रकाने गणिती रूपांतर करून नावं पुसलेले आहेत. वेळ आणि रक्कम सोडली तर कोणता रकाना म्हणजे काय, हे कळायला मार्ग नाही. शिकायला उत्तम, पण अख्खा प्रबंध त्यावर उभा करू नका. मौखिक परीक्षेत "असं का?" विचारलं तर उत्तर देता येत नाही.

मग मी जवळच्या एका पतसंस्थेत गेले. कर्ज कोण थकवेल हे आधी ओळखायचं, असा विषय होता. तिथल्या माणसांनी आपुलकीने पेन ड्राइव्हच हातात ठेवला. त्यात सभासदांची नावं, मोबाईल नंबर, आधारसुद्धा. मी तसाच घरी आणला, हे माझं चुकलं. व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय. पण कायदा नसता तरी ती आपल्याच गावातल्या माणसांची उधारी होती. नावं आणि नंबर संस्थेतच काढून टाकायला सांगा, लेखी परवानगी घ्या, मगच फाईलला हात लावा.

त्या फाईलीवर मॉडेलने जवळपास एकही थकबाकीदार सोडला नाही. आठवडाभर मी हवेत होते. नंतर कोणत्या रकान्यावर मॉडेलची भिस्त आहे ते पाहिलं, तर सगळ्यात वर 'नोटीस दिनांक'. नोटीस कर्ज थकल्यावरच जाते! म्हणजे उत्तर प्रश्नपत्रिकेतच छापलेलं होतं. याला लीकेज म्हणतात. उपाय साधा आहे. प्रत्येक रकान्यापुढे पेन्सिलीने लिहा, ही माहिती कर्ज देतानाच्या दिवशी माहीत होती का? नसेल तर रकाना बाद. तारखांचा डेटा असेल तर जुनी वर्षं शिकवायला आणि नवी तपासायला ठेवा. सगळं एकत्र पिसून वाटलं, तर मॉडेल उद्याचं बघून आजचं सांगतं.

नोटिशीचा रकाना काढला तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. केळीवाले शेतकरी ढिगाने थकबाकीदार ठरत होते, कारण हप्ता ९० दिवस चुकला की थकबाकीदार, अशी सरसकट रेघ मी मारली होती. केळी लावल्यापासून घड हाती यायला वर्ष लागतं, पैसा येतो तो कापणीनंतर. शेतीकर्जाला रिझर्व्ह बँकेचे बँकांसाठीचे नियमही वेगळे आहेत. तिथे थकीत ठरवताना पिकाचा हंगाम मोजतात, कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, जास्त मुदतीच्या पिकाला एक. पगारदाराची फुटपट्टी मी मळ्याला लावली होती. मॉडेल बिचारं शिकवलं तेच बोलत होतं.

आता केळीच्या भावाबद्दल. पुढचा भाव वर्तवायचा, हा माझा त्यानंतरचा विषय. त्यासाठी वर्तमानपत्रात रोज छापून येणारे भाव मी उतरवले होते. नवती, कांदेबाग, वापसी अशा केळीच्या वेगवेगळ्या मालाचे भाव, आणि जाहीर भावासोबत 'फरक' म्हणून येणारा वेगळा आकडा. हा फरक कुठे असायचा, कुठे नसायचा. मला तो टंकनातला कचरा वाटला, मी रकाना उडवला. सुट्टीत घरी आलेख दाखवला. आबांनी बोटाने रेघ धरून पाहिली आणि विचारलं, "हाऊ भाव कोना शे?"

मी म्हटलं, आपलाच, रावेर-यावल-चोपड्याचा. आबा उठले, आतून तारेत ओवलेल्या पट्ट्यांचा जुडगा आणला. व्यापाऱ्याने माल उचलताना दिलेल्या त्या पावत्या. मी माझ्या फाईलीतली तारीख वाचायची, त्यांनी त्या दिवसाची पट्टी काढायची. फरक धरल्याशिवाय भाव पुरा होत नाही, हे त्यांनी तिथेच समजावलं. आणि फरक धरूनही कित्येक पट्ट्यांवर क्विंटलमागे २००-२५० रुपये कमीच होते. जाहीर भाव बऱ्हाणपूरच्या बाजाराकडे बघून ठरतो, मळ्यात ट्रक उभा असताना मिळणारा भाव वेगळा, ही आमच्याकडची जुनी तक्रार. मी इतके दिवस जो भाव वर्तवत होते, तो आमच्या घरात कधी आलाच नव्हता.

तेव्हा विषय बदलला. जाहीर भाव आणि हाती आलेला भाव यांतलं अंतर कधी वाढतं, हाच माझा प्रश्न झाला. मॉडेल अगदी साधं आहे, अनेक छोट्या निर्णय-झाडांचा कौल घेणारं रँडम फॉरेस्ट. पण प्रश्न माझा आहे.

सुरक्षेकडे ज्यांचा ओढा आहे त्यांना सांगेन, भाड्याच्या खात्यांवर काम करा. कॉलेजच्या पोरांना चार पैसे देऊन त्यांचं बँक खातं वापरायला घेतात, फसवणुकीचे पैसे त्यातून फिरतात आणि पोलीस दारात येतात ते पोराच्या. अशी खाती ओळखायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने म्यूलहंटर नावाचं साधन केलंय. खातं म्हणजे बिंदू, व्यवहार म्हणजे रेघ असं जाळं काढलं, की बऱ्याच ठिकाणांहून पैसा येऊन काही मिनिटांत बाहेर जाणारे बिंदू उठून दिसतात. बँका खरा डेटा सहसा देत नाहीत, कृत्रिम डेटावर सुरुवात करावी लागते, आणि तो कृत्रिम आहे हे प्रबंधात स्वच्छ लिहावं लागतं. कोणी फसलं तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करायला सांगा, पैसा पुढे सरकायच्या आत थांबवता येऊ शकतो.

नियमांचं थोडक्यात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी ३ वर्षं, साधारण ६ वर्षांची मर्यादा. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. विषय पक्का करण्याआधी शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात आधीचे प्रबंध चाळा. यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे नियतकालिक पारखायची जबाबदारी आता आपली. आठवड्यात छापून देतो, एवढे पैसे भरा, असा मेल आला तर उत्तरही देऊ नका. माझ्या ओळखीतल्या एकीने घरातल्या अडचणीत असे पैसे भरले, तो पेपर कुठेच धरला गेला नाही. तिचं आठवलं की अजून वाईट वाटतं.

आणि मुलाखती मराठीत, अहिराणीत घ्या. पेपर इंग्रजीत लिहावाच लागतो. पण व्यापारी, सचिव, शेतकरी आपल्या बोलीत जे सांगतात ते प्रश्नावलीच्या चौकटीत कधी येत नाही.

गेल्या रविवारी रावेरकडच्या एका मुलाचा फोन आला. मी त्याला विषय सांगितला नाही. घरात जुन्या पट्ट्या आहेत का, एवढंच विचारलं. म्हणाला, माळ्यावर गोणीत आहेत, पण उंदरांनी काही कुरतडल्यात. म्हटलं, उरलेल्या घेऊन ये. आबांच्या पट्ट्या २०११ पासूनच्या आहेत, रोज रात्री थोड्या थोड्या उतरवते. सध्या २०१४ च्या कांदेबागेत आहे, फरकाच्या रकान्यासकट.