घर विकायला काढताय? आधी ओल बघा, पेंटर नंतर

बेळगावात घर विकायचं ठरलं की लोक पहिला फोन पेंटरला लावतात, आणि माझं म्हणणं असं की पेंटरचं काम सगळ्यात शेवटी. आपल्याकडं पाऊस कसा लागतो ते घर घ्यायला येणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. तो आत आला की सोफा बघत नाही, कोपरे बघतो, छताकडं मान वर करतो, भिंतीला हात लावतो.

म्हणून आधी ओल कुठनं येतीय ते शोधा. कौलारू घर असेल तर फुटकी मंगळुरी कौलं बदला आणि पन्हळी साफ करा, स्लॅब असेल तर टेरेसवरच्या पाण्याच्या पाईपांची तोंडं आणि कठड्याच्या भेगा बघा. बाथरूमच्या मागची भिंत ऐन उन्हाळ्यातपण ओली असेल तर ती पावसाची ओल नव्हे, बहुतेक आतली पाईप गळतीय, प्लंबरला दाखवा. भिंतीवर पांढरी पूड येते तो लोणा. पोपडे खरवडायचे, पूड कोरड्या ब्रशनं झाडायची (पाण्यानं पुसली तर परत भिंतीत मुरते), आणि मग भिंत तशीच उघडी काही आठवडे वाळू द्यायची, इथं घाई केली की नवा रंग पुढच्या पावसात सुटलाच म्हणून समजा. जुन्या माती-चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापू नका, आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि गिलावा फुगतो, तिथं चुनाच पाहिजे. आणि वॉलपेपर लावून झाकायच्या भानगडीत पडू नका, खोली बंद असली की वास येतोच, एकदा वास आला की माणूस बाकी चांगल्या भिंतीपण संशयानं बघायला लागतो.

दुसरी गोष्ट उजेड. शहापूर काय किंवा गावातल्या जुन्या गल्ल्या काय, घर तोंडाला अरुंद आणि आत लांबच लांब, दोन्ही बाजूला शेजाऱ्याची भिंत, त्यामुळं मधल्या खोलीत भर दुपारी लाईट लावायला लागते. कौलारू असेल तर दोन-तीन कौलं काढून तिथं काचेची कौलं बसवा. अगदी स्वस्तातलं काम आहे पण दुपारी त्या खोलीत फरशीवर ऊन पडतं आणि खोली दुप्पट मोठी वाटते, माझ्या मते सगळ्या खर्चात हा खर्च सगळ्यात वसूल. बल्ब एका घरात एकाच रंगाचे ठेवा, एका खोलीत पिवळा, दुसरीत पांढरा असं नको.

मग अडगळ. माळ्यावरचे पिंप, मोडका पाळणा, लग्नातल्या भांड्यांची पोती, चार पिढ्यांचं लोखंडी कपाट, हे सगळं घर दाखवायच्या आधी हलवा, कारण घेणाऱ्याला त्याचं सामान कुठं बसेल ते दिसायला पाहिजे. वडगाव-खासबागकडं विणकरांच्या घरात खड्ड्यातला हातमाग असेल आणि तो आता चालत नसेल तर काढा आणि खालचा खड्डा भरून फरशी करा. देवघर मात्र हलवू नका, नुसतं घासूनपुसून लख्ख ठेवा, आपल्याकडच्या माणसाला ते बघून बरंच वाटतं. भिंतीवरचे घरातल्यांचे फोटो थोडे कमी करा, वडिलधाऱ्यांचा एखादा राहू दे.

परसात विहीर असेल तर ती लपवू नका की! गवत काढा, वर जाळी टाका, रहाट असेल तर तेल घाला. पाण्याचा प्रश्न प्रत्येक माणूस विचारतोच, त्याला नळ सोडून दाखवा, बोअर असेल तर मोटर चालू करून दाखवा.

फोटो सकाळी काढा, सगळ्या खिडक्या उघडून, खोलीच्या कोपऱ्यात उभं राहून मोबाईल आडवा धरून छातीच्या उंचीला. पितृपक्षात आणि आषाढात बरेच लोक असलं काम काढत नाहीत, त्यामुळं डागडुजी उन्हाळ्यात उरकून दसऱ्यापासनं दाखवायला लागा, पावसाळा तगलेली भिंत दाखवता येते हा त्यातला मोठा फायदा.

कागदांची फाईल पण टेबलावर तयार पाहिजे. महापालिकेच्या हद्दीत ई-खाता (घर कुणाच्या नावावर आहे त्याचा ऑनलाईन उतारा), पंचायतीत तसाच ई-स्वत्तूचे फॉर्म ९ आणि ११, शिवाय ईसी (घरावर कर्ज-बोजा आहे का ते दाखवणारा दाखला), घरपट्टीची पावती, हेस्कॉमचं लाईटबिल. वडील वारले आणि खात्यावर अजून त्यांचंच नाव असेल तर वारसा आधी लावून घ्या. कागद कन्नडात असतात, पुण्या-गोव्याहून येणाऱ्या पार्टीला वाचता येत नाहीत, म्हणून प्रत्येकावर मराठीत एक ओळ लिहून चिठ्ठी लावा.

पार्टी यायच्या दिवशी सकाळी मासे तळू नका, धुणं आत वाळत घालू नका, दारात रांगोळी घाला, आणि त्यांना घर दाखवून झालं की नवरा-बायकोला दहा मिनिटं आतल्या खोलीत एकटं सोडा, तुम्ही कट्ट्यावर येऊन बसा, ते बोलतील काय बोलायचं ते.