मूठभर माती भिजवून रोज एक नवल कसे पाहावे

काहीही न पेरता काय उगवते ते पाहणे, एवढाच हा खेळ आहे. रानातली, गोठ्याजवळची किंवा रस्त्याकडेची मूठभर कोरडी माती आणावी, पसरट भांड्यात ती ओली ठेवावी आणि सकाळी दूध तापेपर्यंतच्या वेळात रोज त्यात डोकवावे. कालपर्यंत नसलेले काहीतरी तिथे बहुधा दिसते. खर्च जवळजवळ शून्य आहे. नर्सरीतून बियांचे पाकीट आणून कुंडीत पेरण्याचा सल्ला या छंदासाठी काही जण देतात, तो कृपया ऐकू नये. पाकिटावर छापलेले फूलच उगवणार असेल तर पाहायचे तरी काय?

चार्ल्स डार्विन यांनीही हा उद्योग केला होता. एका लहानशा तळ्याच्या काठाशी, पाण्याखालच्या तीन जागांवरून त्यांनी मिळून तीन मोठे चमचे चिखल घेतला. वाळल्यावर तो जेमतेम 190 ग्रॅम भरला. सहा महिने तो त्यांनी आपल्या अभ्यासिकेत झाकून ठेवला, उगवलेले प्रत्येक रोप उपटून मोजले आणि अखेर मोजदाद 537 वर गेली. आपल्याकडच्या कोरड्या मातीत इतकी दाटी नसते. माझ्या एका घमेल्यात साधारण तीस-चाळीस रोपे येतात आणि रोज पाहण्यासाठी तेवढी पुरतात.

माती

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावर आणि मृग निघण्याआधी माती घ्यावी, कारण त्या वेळी गेल्या हंगामात सांडलेले बी उन्हाने तापून जमिनीत पडलेले असते आणि पावसाने अजून उगवून संपलेले नसते. वरचा दोन बोटांचा थर पुरे. कपाशीच्या शेताचा बांध, बकऱ्यांच्या वाड्याची कड, गिरणेच्या किंवा पांझरेच्या पात्रात वाळलेला गाळ, गच्चीच्या पन्हळीत साचलेली धूळ, यांपैकी कोणतीही माती चालते आणि प्रत्येकीतून निघणारी वसाहत निराळी असते. वाड्याजवळच्या मातीत लेंड्या आल्या तर त्या फेकू नयेत, कारण बकरी बाभळीच्या शेंगा खाते आणि टणक बी तिच्या पोटातून शाबूत बाहेर पडते. सारंगखेड्याच्या यात्रेहून परतल्यावर चपलांना चिकटलेली माती मी एकदा खरवडून ठेवली होती, आणि त्या वर्षीच्या साऱ्या घमेल्यांत सर्वांत मिश्र गर्दी तिच्यातूनच निघाली.

एक गोष्ट मात्र आधी विचारून घ्यावी. ज्या शेतात तणनाशक मारले आहे, तिथली माती आणू नये. एका परिचिताच्या केळीच्या बागेतून मी मोठ्या उत्साहाने पिशवीभर माती आणली, बारा दिवस तिची सेवा केली आणि नंतर कळले की तिथे तण उगवूच नये म्हणून औषध मारलेले होते.

वाळू

मातीखाली पसरण्यासाठी बारीक वाळू लागते. ती चाळून, जुन्या कढईत भडभुंज्यासारखी अर्धा तास खरपूस भाजून थंड करावी, म्हणजे तिच्यातले बी मरते.

थर आणि पाणी

खरी अडचण इथे आहे, आणि पहिली दोन वर्षे मी इथेच फसलो. कुंडी मातीने काठोकाठ भरावी आणि रोज भरपूर पाणी घालावे, असे कोणीही सांगते. खान्देशातल्या काळ्या मातीत हा सल्ला हमखास बुडवतो. ही माती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते. चार बोटे भरलेल्या कुंडीत तिच्यावर आधी चिकट साय धरते, मग त्या सायीचे कवच होते आणि तिसऱ्या दिवशी भेग पडते. त्या भेगेत दोन रोपे उभी असतील तर त्यांची कोवळी मुळे तटकन तुटतात. खाली दबलेल्या बारीक बियांची तर वर येण्याची सोयच नसते, कारण अनेक तणांच्या बियांना उगवण्यासाठी उजेड लागतो आणि एवढ्याशा बीजाजवळ चार बोटे माती फोडून वर येण्याइतकी शिदोरीही नसते.

म्हणून मातीचा थर पातळच हवा, आणि पातळ म्हणजे किती तर गव्हाचा एक दाणा जेवढा लांब, तेवढाच. जुन्या घमेल्याच्या बुडाला खिळ्याने दहा-बारा भोके पाडावीत, त्यात तीन बोटे भाजलेली वाळू सपाट करावी आणि तिच्यावर हाताने चुरलेली माती, पोळीवर पिठी भुरभुरावी तशी पसरावी. मातीची ढेकळे राहू देऊ नयेत. माती थोडी वाटते म्हणून आणखी एक मूठ टाकण्याचा मोह होतो, तो आवरावा. उरलेली माती दुसऱ्या घमेल्यात घालावी, पण थर वाढवू नये.

पाणी वरून घालायचे नाही. तांब्याने घातले तर नाहीच, आणि झारीनेही नाही, कारण पहिल्याच धारेत सगळे बी वाहून एका कोपऱ्यात जमते आणि पुढे तिथे जंगल व इतरत्र वाळवंट असे दृश्य पाहावे लागते. परातीत बोटभर पाणी घेऊन घमेले त्यात ठेवावे. वाळूतून पाणी हळूहळू वर चढते आणि मातीचा रंग गडद होत जातो. तो सगळीकडे सारखा झाला की घमेले उचलून बाजूला निथळत ठेवावे. बांधकामावरची जाड वाळू या कामाला निरुपयोगी आहे, कारण तिच्यातून पाणी वर चढतच नाही. मी एकदा तीच वापरली आणि दिवसभर परातीतले पाणी आहे तसेच का राहिले याचा विचार करत बसलो.

घमेले परातीत तसेच सोडून जाण्याचा आळसही महागात पडतो. सतत भिजलेल्या मातीवर हिरवे शेवाळ धरते, रोपांचे देठ मातीलगत दोऱ्यासारखे बारीक होतात आणि सकाळी सगळी आडवी झालेली सापडतात. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर असताना दिवसातून दोनदा पाणी दाखवावे लागते आणि पाऊस सुरू झाल्यावर दोन दिवसांतून एकदाही पुरते. बोट टेकवले असता गार लागले पाहिजे, पण बोटाला चिखल लागता कामा नये. घमेले पूर्वेच्या गॅलरीत ठेवावे, म्हणजे सकाळचे ऊन मिळते आणि दुपारचे टळते.

वरून जुनी मच्छरदाणी बांधावी, नाहीतर चिमण्या त्यात धूळस्नान करतात आणि रुईच्या म्हाताऱ्या उडत येऊन उतरतात. शंकेखोर माणसाने नुसत्या भाजलेल्या वाळूचे दुसरे भांडे शेजारी ठेवावे. त्यात जे उगवेल ते वाऱ्याने आणलेले, असे खुशाल समजावे. माझी ही सारी मांडामांड पाहून शेजारच्या आजोबांनी, ‘माटी पेरी ऱ्हायना का रे भो?’ असे विचारले होते, आणि त्याहून नेमके वर्णन मला आजवर सुचलेले नाही.

पाहणे

पहिले तीन-चार दिवस काहीच दिसत नाही. दहा दिवस गेले तरी माती फेकू नये. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील यांनी 1879 मध्ये 20 बाटल्यांत बिया भरून जमिनीत पुरल्या होत्या, आणि 2021 मध्ये उकरलेल्या बाटलीतल्या काही बिया तेव्हाही उगवल्या. त्यामानाने दहा दिवस काहीच नाहीत.

सुरुवातीला जी दोन पाने निघतात ती दलपत्रे असतात आणि ती पाहून नाव ठेवण्याची घाई करू नये. मोबाईलवरची ओळख सांगणारी ॲपे या वयाच्या रोपांबाबत बेधडक चुकतात. निंदणीला जाणाऱ्या बाया मात्र चार पानांवरून अचूक सांगतात, त्यामुळे विचारायचे तर त्यांनाच विचारावे. एरवी खरी पाने येईपर्यंत थांबावे आणि प्रत्येक नव्या रोपाशेजारी जळलेली काडी रोवून वहीत तारीख लिहावी.

घोळ लालसर देठ आणि मांसल पानांवरून लवकर ओळखू येते; तिची पिवळी फुले उन्हात सकाळी उघडतात आणि दुपारपर्यंत मिटतात, म्हणून कामावरून संध्याकाळी परतणाऱ्याला ती कधीच भेटत नाहीत. तरोट्याची पाने दिवस मावळताना जोडीजोडीने मिटतात. पहिल्यांदा मी रोप वाळले असे समजून हळहळलो होतो. केना हे आणखी बेरकी प्रकरण आहे, कारण ते वर निळी फुले दाखवते आणि मातीखाली न उघडणारी फुले धरून तिथेच बी तयार करते. जागा सोसेल तर केन्याचे एक रोप वेगळ्या खोल डब्यात हलवावे आणि महिन्या-दोन महिन्यांनी हळूच माती सारून पाहावे. कपाशीच्या बांधावरची माती असेल तर एखादी सरकीही रुंद दलपत्रे पसरून सगळ्यांना झाकून टाकते; तिला ओळख पटताच काढावे.

कातरलेल्या पानांचे गाजरगवत दिसले तर फुलावर येण्याआधीच हातमोजा घालून उपटावे, कारण त्याने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते आणि त्याच्या परागांमुळे काहींना दम लागतो. धोत्राही उगवू शकतो, म्हणून घरात लहान मुले असतील तर घमेले उंचावर ठेवावे. तांदुळजा किंवा घोळ ओळखली अशी कितीही खात्री वाटली, तरी घमेल्यातली भाजी खाऊ नये. माती कुठून आली आणि तिच्यात काय मिसळले होते हे आपल्याला ठाऊक नसते.

ओळख पटलेले रोप उपटून मोजावे आणि जागा मोकळी करावी. पोळ्याच्या सुमारास नवे काही येईनासे झाले की घमेले आठवडाभर पूर्ण वाळू द्यावे, वरचा थर बोटांनी खालीवर करावा आणि कार्तिकात, गारवा पडल्यावर, पुन्हा पाणी दाखवावे. उन्हाळ्यात ज्यांनी तोंडही दाखवले नव्हते अशी हिवाळी मंडळी, विशेषतः चंदनबटवा, त्याच मातीतून तेव्हा निघतात. दुसरी फेरी संपल्यावर मातीवर उकळते पाणी ओतून मगच ती टाकावी. कोणाच्या शेतात किंवा बांधावर ती झटकू नये, कारण त्या शेतकऱ्याला निंदणीची मजुरी द्यावी लागते.