काउंटीची लोकसंख्या बदलली म्हणजे नेमकं काय बदललं? अमेरिकी जनगणनेचे वांशिक आकडे कसे वाचावेत

माझी धाकटी बहीण अमेरिकेत जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या ईशान्येला असलेल्या ग्विनेट काउंटीत राहते. (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा.) तिच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरत होता: "ग्विनेटमधून गोरे निघून गेले, आता ते अल्पसंख्य." तिने विचारलं, हे खरं आहे का? आम्ही दोघींनी फोनवरच आकडे काढले आणि तासभर त्यांच्यावर बसलो. मेसेजमागचे आकडे खरे होते, त्यांतून काढलेला अर्थ मात्र कच्चा होता. अशा मेसेजवरून शेजाऱ्यांची एकमेकांबद्दलची मतं बनतात, म्हणून ही रीत सविस्तर लिहिते आहे.

आधी तक्ता नीट निवडा

अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर काउंटीचं नाव टाकलं की ढीगभर तक्ते येतात. 2020 च्या जनगणनेतला 'पी2' हा तक्ता उघडा. त्याचं कारण फॉर्ममध्ये आहे. त्यात दोन वेगळे प्रश्न होते. पहिला, तुम्ही हिस्पॅनिक (म्हणजे मूळ स्पॅनिश भाषक देशांतले) आहात का? दुसरा, तुमचा वंश कोणता? त्यामुळे हिस्पॅनिक माणूस गोरा असू शकतो, काळा असू शकतो, काहीही असू शकतो. 'पी1' तक्त्यात फक्त वंश दिसतो, 'पी2' मध्ये हिस्पॅनिक लोक एकीकडे काढून उरलेल्यांची वंशवार विभागणी केलेली असते. एका वर्षाचा आकडा पी1 मधून आणि दुसऱ्याचा पी2 सारख्या तक्त्यातून घेतला, की न झालेला बदल दिसू लागतो. ही चूक मी स्वतः केली आहे.

मग टक्के आणि माणसं शेजारीशेजारी मांडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कागदावर दोन रकाने आखा, एक टक्क्यांचा, दुसरा माणसांचा.

ग्विनेटची लोकसंख्या 1990 मध्ये 3,52,910 होती, 2000 मध्ये 5,88,448 झाली. हिस्पॅनिक नसलेल्या गोऱ्यांचं प्रमाण या दहा वर्षांत सुमारे 90 टक्क्यांवरून 67 टक्क्यांवर आलं. नुसता टक्क्यांचा रकाना पाहणारा म्हणेल, गोरे गेले. आता गुणाकार करा. 1990 मध्ये ते साधारण 3 लाख 17 हजार होते, 2000 मध्ये 3 लाख 94 हजार. म्हणजे टक्का 23 ने घसरला आणि माणसं पाऊण लाखाने वाढली! बाकीचे त्याहून वेगाने आले, एवढंच.

पुढचं चित्र वेगळं आहे. 2010 ते 2020 मध्ये एकूण लोकसंख्या 8,05,321 वरून 9,57,062 झाली, गोऱ्यांचा टक्का सुमारे 44 वरून साडेबत्तीसवर आला. संख्याही 3 लाख 54 हजारांवरून 3 लाख 11 हजारांवर उतरली. इथे खरी घट आहे. तीच काउंटी, दोन दशकं, दोन्ही वेळा टक्का खाली. पण गोष्टी दोन.

आणखी एक. 44 वरून साडेबत्तीस म्हणजे वाट्यात साडेअकरा टक्क्यांचा फरक. संख्येतली घट मात्र 2010 च्या संख्येच्या सुमारे 12 टक्के. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे दिसतात, म्हणून जास्तच घोटाळा होतो. लिहिताना कशाचे टक्के ते सांगाच.

'अल्पसंख्य' हा शब्दही तपासून वापरा. 2020 मध्ये कृष्णवर्णीय सुमारे 27 टक्के, हिस्पॅनिक 23, आशियाई 13. गोरे निम्म्याहून कमी होते हे खरं, पण सगळ्यात मोठा गट तेव्हाही तोच. निम्म्याहून जास्त कोणीच नव्हतं.

फॉर्म बदलला होता का ते पाहा

एकापेक्षा जास्त वंशांवर खूण करायची मुभा पहिल्यांदा 2000 मध्ये मिळाली. त्यामुळे 1990 शी तुलना थोडी सैल धरा. 2020 मध्ये प्रश्नाची मांडणी आणि उत्तरांची वर्गवारी सुधारली, आणि देशभरात दोन किंवा अधिक वंश सांगणारे 90 लाखांवरून 3 कोटी 38 लाखांवर गेले. एवढी मिश्र कुटुंबं दहा वर्षांत झाली नाहीत. बराचसा फरक फॉर्मचा आहे. त्याच जनगणनेत देशातले 'फक्त गोरे' 8.6 टक्क्यांनी घटले, पण 'गोरे, एकटे किंवा मिश्र' हा गट 1.9 टक्क्यांनी वाढला. म्हणून तक्त्यात 'फक्त' आहे की 'एकटे किंवा मिश्र', ते आधी वाचा. 2024 मध्ये संघीय सरकारने दोन्ही प्रश्न एकत्र करायचं आणि मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेसाठी वेगळा चौकोन द्यायचं ठरवलं आहे, तेव्हा नव्या पद्धतीच्या आकड्यांशी तुलना करतानाही हेच भान लागेल.

चौकोन किती बदलतात ते आपल्याच उदाहरणात पाहा. 1920 ते 1940 च्या जनगणनांत भारतातून आलेल्यांचा वंश 'हिंदू' म्हणून नोंदला जाई, मग तो माणूस शीख का असेना. 1970 मध्ये भारतीयांची गणना गोऱ्यांत झाली. 'एशियन इंडियन' हा स्वतंत्र चौकोन आला तो 1980 मध्ये. माणसं तीच, रकाना वेगळा.

नमुना पाहणी असेल तर कमी-अधिक फरक मोजा

कोरियन किती, व्हिएतनामी किती, घरी मराठी बोलणारे किती असं शोधताना बहुधा अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचे आकडे हाती येतात. (मराठी भाषेच्या तक्त्यात सापडते, वंशाच्या नाही.) ही पाहणी घरोघरची शिरगणती नव्हे. दरवर्षी सुमारे 35 लाख पत्त्यांचा नमुना घेतात, म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी चुकीची मर्यादा (खरा आकडा किती कमी-अधिक असू शकतो ते) छापलेली असते. समजा, एखादा गट आधी 3,300, कमी-अधिक 800 होता, आणि आता 4,000, कमी-अधिक 900 आहे. वाढ दिसते 700 ची. दोन्ही मर्यादांचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा, उत्तर येतं सुमारे 1,200. वाढ त्याहून लहान आहे, तेव्हा 'वाढले' असं ठामपणे म्हणू नका.

प्रत्यक्ष गणनेतही माणसं सुटतात. 2020 मध्ये देशपातळीवर हिस्पॅनिक सुमारे 5 टक्के आणि कृष्णवर्णीय 3.3 टक्के कमी मोजले गेले, आशियाई 2.6 टक्के जास्त. शिवाय खाजगीपणा जपण्यासाठी आकड्यांत मुद्दाम थोडा फेरफार केला होता. काउंटीच्या पातळीवर तो जाणवत नाही, एका गल्लीच्या आकड्यावर मात्र विसंबू नका.

कारण आकड्यात शोधू नका

घट होण्याच्या वाटा अनेक: मृत्यू, स्थलांतर, किंवा मुलांनी दोन चौकोनांवर केलेली खूण. शेजारची फॉरसाइथ काउंटी 2010 ते 2020 मध्ये पावणेदोन लाखांवरून अडीच लाखांवर गेली, म्हणून ग्विनेटचे गोरे तिथेच गेले असं ठरत नाही. त्यासाठी स्थलांतराचे वेगळे तक्ते पाहावे लागतात. आणि रहिवासी म्हणजे मतदार नव्हेत. ग्विनेटमध्ये सुमारे चौथा हिस्सा लोक परदेशात जन्मलेले आहेत, त्यांतले सगळे नागरिक नाहीत. निवडणुकीविषयी बोलायचं तर 18 वर्षांवरच्या नागरिकांचे आकडे घ्या.

शेवटी बहिणीने ग्रुपवर टाकलं ते असं: "2010 ते 2020 मध्ये ग्विनेटची लोकसंख्या दीड लाखाने वाढली. हिस्पॅनिक नसलेले, फक्त गोरा वंश सांगणारे रहिवासी सुमारे 44 हजारांनी घटले, तरी 2020 मध्येही सगळ्यात मोठा गट तोच होता. घट का झाली, ते या तक्त्यावरून कळत नाही."