खेड्यातल्या दवाखान्यातून बेळगावच्या लॅबला रक्त पाठवताना

माझा दवाखाना खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वाटेवर. बेळगावातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबला अठरा वर्षं रक्त पाठवतोय. इकडं नवीन दवाखाना टाकणारी पोरं पहिल्या महिन्यातच विचारतात, "सर, तपासण्यांचं काय करता?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी ठरवायचं ते हे, की पेशंट पाठवायचा का रक्त. आपली सवय म्हणजे चिठ्ठी लिहायची आणि "सिव्हिलला जाऊन या" म्हणायचं. 2023 च्या जूनपासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसला तिकिटाचे पैसे नाहीत, तरी पेरणीच्या दिवसांत एक आजी मला म्हणाल्या, "बस फुकट हाय ओ डॉक्टर, खरं दिवस जातोय की." तेव्हापासून रक्तानं भागत असेल तर मी माणसाला हलवत नाही. छातीत दुखतंय आणि ट्रोपोनिन (हार्ट अटॅकची रक्ततपासणी) हवंय, तिथं मात्र बल्ब, म्हणजे रक्ताच्या नळ्या, भरत बसू नका. गाडी बोलवा.

लॅबशी नातं जोडायला एकदा स्वतः जा. फोनवर हे होत नाही. कर्नाटक मेडिकल कौन्सिलचा, नाहीतर आयुषचा असेल तो नोंदणी क्रमांक घातलेलं लेटरहेड न्या, पॅथॉलॉजीच्या प्रमुखांना भेटा आणि विचारा: बाहेरून आलेलं सॅम्पल घेता का, का पेशंटनं ओपीडीतूनच यायला पाहिजे? किती वाजेपर्यंत? रविवारी काय? बल्ब तुम्ही देणार का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिपोर्ट भयंकर आला तर रात्री फोन कुणाला करणार? तुमचा एक आणि घरातला एक असे दोन नंबर तिथं लिहून ठेवून या. आमच्याकडं पावसाळ्यात एका नंबरची रेंज जाते, म्हणून दोन्ही वेगळ्या कंपन्यांचे ठेवा. शेवटी खाली सॅम्पल उतरवून घेणाऱ्या टेक्निशियनला भेटा. पुढची सगळी वर्षं तुमचं काम त्याच्याशीच असतंय.

आता बल्ब. जांभळ्या टोपणाचा, आत रक्त गोठू न देणारं ईडीटीए असलेला, सगळ्यात सोशिक. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) सकाळी काढून दुपारी पोचलं तरी चालतं. काढल्यावर आठ-दहा वेळा अलगद उलटा करा, हलवून ताक करू नका. साखरेला राखाडी फ्लोराइडच हवा. साध्या बल्बात पेशी साखर खात राहतात आणि तासाला पाच-सात टक्के घट होते. फ्लोराइडमध्येही पहिला तासभर थोडी घट होतेच. आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा, निळा बल्ब खुणेपर्यंत भरलाच पाहिजे, कारण आतलं गोठू न देणारं सायट्रेट नऊ भाग रक्तास एक या हिशेबानं घातलेलं असतं. शीर नाटक करतेय म्हणून अर्धा भरून पाठवलात तर त्या आकड्यावर रक्त पातळ करायच्या गोळीचा डोस ठरवू नका. भरायचा क्रम निळा, मग साधा, मग जांभळा, शेवटी राखाडी. जांभळ्यातलं रक्त साध्यात ओतायचा मोह आवरा, त्यानं पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम घटलेलं दिसतं.

पोटॅशियमनं मला एकदा चांगलंच फिरवलंय. एका आजोबांचं रक्त संध्याकाळी काढलं आणि लॅबची वेळ संपली होती म्हणून मीच कंपाउंडरला सांगितलं, फ्रिजात ठेव, टिकेल. सकाळी पाठवलं. दुपारी लॅबचा फोन आला, पोटॅशियम 6.8, म्हणजे जिवाला धोका! आजोबा गोठ्यात शेण काढत होते, त्यांना तसंच गाडीत घालून बेळगावला नेलं. तिथं पुन्हा काढलं तर 4.3, अगदी नॉर्मल. थंडीत पेशींचे पंप मंदावतात आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं, हे कॉलेजात वाचलं होतं, फ्रिजचं दार उघडताना आठवलं नाही. गाडीभाडं मी दिलं.

म्हणून एक जुना का होईना, सेंट्रिफ्यूज (बल्ब गरगर फिरवून पेशी खाली बसवणारं यंत्र) घ्या. साध्या बल्बातलं रक्त अर्धा तास उभं ठेवून गोठू द्या, मग दहा मिनिटं फिरवा आणि सीरम, म्हणजे वरचं पिवळसर पाणी, वेगळं काढा. त्यानंतर फ्रिज चालतो. सेंट्रिफ्यूज नसेल तर क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), पोटॅशियमचं सॅम्पल त्याच सकाळी निघेल असंच काढा. दंडाचा पट्टा मिनिटाच्या आत सोडा आणि सिरिंजमधलं रक्त जोरानं ढोसू नका, पेशी फुटतात.

नाव बल्बवर पेशंटसमोरच लिहा. आमच्या पंचक्रोशीत पाटील आणि मारुती यांना तोटा नाही, म्हणून वडिलांचं नाव आणि वयही टाका. स्पेलिंग आधारवर असेल तेच. काउंटरवरचा माणूस बहुतेक कानडी बोलणारा, त्याला आपलं 'ज्ञानोबा' नुसतं ऐकून लिहायला लावलं तर तो तीन तऱ्हेनं लिहील. आमचा दवाखान्यातला पोरगा कानडीत 'खाली होट्टे' म्हणजे उपाशीपोटी, एवढं तरी शिकलाय. उपाशी आहात का असं पेशंटला नुसतं विचारू नका, चहा झाला का विचारा. आपल्याकडं चहाला कुणी खाणं धरत नाही.

चिठ्ठीवर रक्त काढल्याची वेळ, चालू औषधं आणि तुमची शंका लिहा. तापाचा पेशंट असेल तर कितवा दिवस तेही. डेंग्यूचं एनएसवन (विषाणूचा अंश शोधणारी तपासणी) पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, पुढं आयजीएम (शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी). दिवस लिहिला नाही तर 'निगेटिव्ह'चा अर्थ लागत नाही.

नेण्याचं काम मी बसच्या कंडक्टरवर सोडत नाही. गावातला एक जण रोज बेळगावला, उद्यमबागच्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) जातो, त्याला महिन्याचे पैसे ठरवून दिलेत. बल्ब स्टँडमध्ये उभे, वर घट्ट झाकणाचा डबा, बाहेर बर्फाची पिशवी आणि मध्ये वर्तमानपत्राची घडी, म्हणजे बर्फ बल्बला टेकत नाही. आयएनआर, नाहीतर सीरम न काढलेलं पोटॅशियम असेल त्या दिवशी तो बल्ब बर्फाशिवाय वेगळ्या डब्यात. सुट्टीच्या आदल्या दिवशी तो विचारून जातो, "उद्या काय हाय काय ओ?" तेव्हा मी वही उघडून बघतो आणि उद्याचे फास्टिंगवाले परवावर ढकलतो.