कोलवाळहून घरी आल्यावर काम कसं शोधलं

एका वर्षाची शिक्षा भोगून मी गोव्यातल्या कोलवाळच्या तुरुंगातून बाहेर पडलो तेव्हा चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आठ दिवसांवर आली होती. घरी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान जमवणं चाललं होतं आणि मी म्हापशाच्या बसस्टँडवर साखळीमार्गे वाळपईला जाणारी गाडी शोधत उभा होतो. माणसं भेटतील, विचारतील, या भीतीने शेवटच्या सीटवर जाऊन बसलो. तशीच भीती घेऊन आज कोणी बसला असेल, त्याच्यासाठी हे लिहितोय.

माझा गुन्हा आधी सांगतो. शिगम्याच्या रात्री भांडण झालं, मी एकाला ढकलून पाडलं, वर मारलं, आणि त्याचा हात मोडला. भारतीय दंड संहितेचं 325 कलम लागलं, गंभीर दुखापत केल्याचं. हात माझ्यामुळेच मोडला. (1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आहे, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांच्या कागदांवर जुनीच कलमं राहतात. कलमांचे आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरू नका.)

पहिली चूक मी महिनाभरातच केली. एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात देखभाल विभागात जागा होती. माझ्याकडे आयटीआयचा फ्रिज-एसीचा दोन वर्षांचा कोर्स होता, आधीचा अनुभव होता. अर्जाच्या तिसऱ्या पानावर प्रश्न होता: ‘आपल्याला कधी न्यायालयाने शिक्षा केली आहे का?’ पुढे ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन. पेन बराच वेळ कागदावर टेकवून बसलो, शाईचा ठिपका पडला, आणि ‘नाही’वर खूण केली. काम मिळालं. तीन आठवड्यांनी पोलीस पडताळणीचा कागद आला आणि मला ऑफिसात बोलावलं. तिथल्या बाईंनी आवाज न चढवता सांगितलं, ‘गुन्ह्याचं आम्ही कदाचित बघितलं असतं. पण तुम्ही खोटं लिहिलंत, त्याला आता इलाज नाही.’ त्या दिवशी घरी जाताना मला शिक्षेपेक्षाही जास्त लाज वाटली.

सरकारी नोकरीतही हेच घडतं. सुप्रीम कोर्टाने 2016 साली अवतार सिंग खटल्यात सांगितलं की पडताळणीच्या फॉर्मात दिलेली माहिती खरीच असली पाहिजे. कोवळ्या वयातल्या किरकोळ गुन्ह्याची माहिती लपवली असेल, तर मालक समजून घेऊन ती सोडून देऊ शकतो. खरं सांगूनही माणूस त्या कामाला योग्य आहे का, हे ठरवायचा हक्क मालकाकडेच राहतो. म्हणजे खरं बोलल्याने नोकरी मिळेलच असं नाही. पण खोटं पकडलं गेलं की नोकरीही जाते आणि माणसाचा शब्दही जातो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. काम शोधायच्या आधी आपल्या कागदावर नेमकं काय लिहिलंय ते वाचा. ‘माझ्यावर केस आहे’ हे वाक्य आपण सगळ्या गोष्टींना लावतो. एफआयआर नोंद होणं, आरोपपत्र दाखल होणं, खटला चालू असणं, निर्दोष सुटणं, समेट होणं, दोषी ठरणं, या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. फॉर्मात ‘शिक्षा झाली आहे का’ असं विचारलं असेल आणि तुमचा खटला अजून चालू असेल, तर खरं उत्तर ‘नाही’ आहे. पण ‘गुन्हा नोंद आहे का’ असं विचारलं तर ‘होय’. प्रश्न दोनदा वाचा, जेवढं विचारलंय त्याचं पूर्ण उत्तर द्या. कायद्याने समेट करता येण्याजोग्या गुन्ह्यात कोर्टापुढे समेट झाला, तर त्याचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच असतो, हे कित्येकांना ठाऊकच नसतं. गुन्हा अठराच्या आतला असेल तर 2015 च्या बाल न्याय कायद्याचं 24 वं कलम वकिलाकडून समजून घ्या. सोळा वर्षांवरच्या मुलांची काही गंभीर प्रकरणं सोडली, तर त्या जुन्या गोष्टीमुळे पुढे अपात्र ठरवता येत नाही.

हे कळायला निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल लागते. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करा. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. आणखी काही गटांनाही तसाच मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. माझ्या प्लास्टिकच्या फाईलमध्ये निकालाची नक्कल, दंड भरल्याची पावती, तुरुंगातून सुटल्याचा कागद आणि आयटीआयचं प्रमाणपत्र एवढंच होतं. त्या फाईलने मला जो धीर दिला तो कुणाच्या शब्दांनी दिला नाही.

मोठ्या हॉटेलांत पोलिसांचा दाखला बहुतेक आधीच मागतात, त्यामुळे मी सुरुवात तिथून केली नाही. पाऊस संपत आला की आमच्याकडे पर्यटनाच्या सीझनची तयारी सुरू होते. हॉटेलं, गेस्ट हाऊस, भाड्याचे फ्लॅट सगळे एसी साफ करून घेतात आणि छोट्या दुकानदारांना हात कमी पडतात. आयटीआयमधल्या माझ्या सरांनी म्हापशाच्या, एसी दुरुस्तीचं दुकान असलेल्या एका काकांकडे पाठवलं. ओळखीने गेलो, हे लपवत नाही. आपल्या कामाची खात्री देणारं एक माणूस शोधा, मग ते शिक्षक असो, जुना मालक असो की गावचा भटजी.

काकांशी आधी कामाचं बोलणं झालं. गॅस भरायला येतो का, इन्व्हर्टरचं कार्ड तपासता येतं का. पगाराचं बोलणं निघायच्या आत मी म्हटलं, ‘काका, एक सांगायचं आहे. शिगम्यात मारामारी केली, एकाचा हात मोडला. वर्षभर कोलवाळला होतो. दंड भरलाय, कोर्टात आता काही बाकी नाही. कागद आणलेत.’ हे बोलणं मी घरी आईसमोर कितीतरी वेळा म्हणून बघितलं होतं. रडगाणं नाही, समोरच्याची चूक काढणं नाही. काकांनी फाईल उघडली, पावती पाहिली, मिटली. ‘दारू पितोस?’ एवढंच विचारलं. ‘त्या रात्रीपासून नाही,’ म्हटलं.

पहिले दोन महिने दुसऱ्या मुलाबरोबर शिडी धरायला जात होतो, रोजावर. आधीच्या पगारापेक्षा खूपच कमी पैसे, पण घेतले. डिसेंबरात एके सकाळी काकांनी पर्वरीच्या एका गिऱ्हाईकाच्या फ्लॅटची चावी माझ्या हातात ठेवली. मालक मुंबईला होते. आत एकटाच होतो. काम झाल्यावर फरशी दोनदा पुसली, कुलूप लावून तीनदा ओढून पाहिलं. चावी परत दिली तेव्हा काका गिऱ्हाईकाशी फोनवर बोलत होते, त्यांनी हात पुढे करून ती नुसती खिशात टाकली.

बोटीवर किंवा आखातात जायचं आहे, असं विचारणारे बरेच भेटतात. पासपोर्टचा कायदा 1967 चा आहे. नैतिक अधःपतनाच्या, म्हणजे चोरी-फसवणुकीसारख्या, गुन्ह्यात दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली असेल, तर त्यानंतर पाच वर्षांपर्यंत पासपोर्ट नाकारता येतो. खटला चालू असेल तरीही नाकारता येतो, पण कोर्टाची परवानगी आणली तर मिळू शकतो. म्हणून एजंटाला पैसे देण्याआधी वकिलाला कागद दाखवा. पोलीस दाखला ‘मॅनेज’ करून देतो म्हणणाऱ्याकडे तर फिरकूच नका. बनावट दाखला म्हणजे नवा गुन्हा.

स्वतःचं छोटं काम सुरू करायचं असेल तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधारवर होते, फुकट होते, आणि तिथे कोणी चारित्र्याचा दाखला मागत नाही.

गेल्या महिन्यात डिचोलीचा एक मुलगा काकांच्या दुकानात मला भेटायला आला. चार वर्षं तो सगळ्यांना ‘मला शिक्षा झालीय’ असं सांगत होता आणि अर्जच करत नव्हता. नक्कल काढायला लावली. दुकानाच्या टेबलावर, पान्ह्यांच्या शेजारी पसरून आम्ही ती वाचली. दोषी ठरवलं होतं, पण 1958 च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याच्या चौथ्या कलमाखाली, शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं होतं. त्याच कायद्याचं बारावं कलम म्हणतं की अशा माणसाला दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी अपात्रता लागत नाही. ते पान त्याने परत परत वाचलं, मग मोबाईलवर त्याचा फोटो काढला. सोमवारी तो फोंड्याला मुलाखतीला गेला, ते पान फाईलमध्ये सगळ्यात वर लावून. काम अजून पक्कं झालेलं नाही. या गुरुवारी त्याला पुन्हा बोलावलंय.