पिकेटपाशी लॉरी थांबते तेव्हा: ब्रिटनमधील टपाल कामगारांसाठी अनधिकृत संपाचे पहिले तीन दिवस

ब्रिटनच्या टपालात अचानक होणारा संप बहुधा मोठ्या मागणीवरून पेटत नाही. एखादा ड्रायव्हर दुसऱ्या ऑफिसच्या गेटवरचे पिकेट, म्हणजे संपकऱ्यांचा पहारा, ओलांडायला नकार देतो. किंवा संपावर असलेल्या ऑफिसचे टपाल इकडे वळवले जाते, ‘हे लावून टाका’ म्हणजे छाटून मार्गी लावा, असा हुकूम येतो आणि माणसे त्याला हात लावत नाहीत. साहेब त्यांना निलंबित करतो आणि बघता बघता सगळी शिफ्ट गेटबाहेर असते. 2003 च्या ऑक्टोबरमध्ये पश्चिम लंडनमधून सुरू झालेला अनधिकृत संप याच रीतीने पसरत गेला. 2007 मध्ये ग्लासगोचे ड्रायव्हर पिकेटपाशी थांबले, त्यांच्यावर कारवाई झाली आणि स्कॉटलंडमध्ये ऑफिसांमागून ऑफिसे बंद पडली.

याचे कारण टपालाच्या साखळीत आहे. पत्र पेटीतून मेल सेंटरला, म्हणजे टपाल छाटणाऱ्या केंद्राला, तिथून लॉरीने दुसऱ्या मेल सेंटरला, मग डिलिव्हरी ऑफिसला आणि शेवटी पोस्टमनच्या हातात जाते. एक कडी थांबली की माल तिच्या मागे साचतो. तो दुसरीकडे वळवला की भांडणही त्याच्याबरोबर जाते. म्हणून तुमच्या ऑफिसात आज काही नसले तरी खालच्या गोष्टी आजच माहीत हव्यात. गेटवर उभे राहून कायदा शिकायला वेळ मिळत नाही.

‘अनधिकृत’ म्हणजे नेमके काय

युनियनच्या सभासदांचे मतदान न घेता झालेला संप म्हणजे अनधिकृत संप, असा सर्रास समज आहे आणि तो चूक आहे. 1992 च्या ट्रेड युनियन कायद्याच्या कलम 237 मध्ये कसोटी वेगळी आहे: तुमच्या युनियनने त्या कृतीला अधिकार किंवा मान्यता दिली आहे का? कलम 20 प्रमाणे युनियनच्या पदाधिकाऱ्याने, म्हणजे ऑफिसातल्या प्रतिनिधीनेही, संपाची हाक दिली तर ती युनियनचीच हाक धरली जाते. मतदान झालेले नसेल तर कोर्टात युनियन अडचणीत येते. त्यामुळे वरिष्ठ नेतृत्व कलम 21 खाली लेखी हात झटकते. त्या पत्रात कायद्याने ठरवून दिलेला मजकूर असतो: युनियनने ही हाक नाकारली आहे, या कृतीला ती पाठिंबा देणार नाही, आणि अनधिकृत संपात असताना बडतर्फ झालात तर अन्याय्य बडतर्फीची तक्रार करण्याचा हक्क राहणार नाही.

हे पत्र वाचून अनेकांना युनियनने दगा दिल्यासारखे वाटते. तसे समजू नका. हात झटकले नाहीत तर मालक युनियनकडून नुकसानभरपाई मागू शकतो, कोर्टाचा मनाई हुकूम आणू शकतो, आणि तो मोडला तर युनियनची तिजोरी रिकामी होऊ शकते. पत्र आल्यावर रागावत बसू नका, त्यावरची तारीख बघा. हात झटकल्याच्या दिवसानंतरचा पुढचा कामाचा दिवस संपेपर्यंत कृती अनधिकृत मानली जात नाही. शनिवार, रविवार आणि बँकेची सुट्टी त्यात मोजत नाहीत. मंगळवारी हात झटकले तर बुधवार संपेपर्यंत मुदत आहे. शुक्रवारी झटकले तर सोमवार संपेपर्यंत. आणि बडतर्फीच्या क्षणी तुम्ही संपात होता की नाही, हे पाहिले जाते. म्हणजे त्या मुदतीत सगळे एकत्र आत गेले तर कलम 237 तुमच्यावर चालत नाही. परत जायचे की थांबायचे, ही सभा त्या मुदतीच्या आत व्हायलाच हवी.

इथे एक मोठा खड्डा आहे. कोणाही पदाधिकाऱ्याने हाक दिली नसेल आणि माणसे आपणहून बाहेर पडली असतील, तर हात झटकण्यासारखे काही उरत नाही. तेव्हा कृती पहिल्या मिनिटापासून अनधिकृत असते आणि वरची मुदत मिळत नाही.

फरक किती मोठा आहे? युनियनची मान्यता असलेल्या पण विनामतदान संपात मालकाला निवडून माणसे काढता येत नाहीत. काहींना काढले आणि बाकीच्यांना ठेवले, किंवा काढलेल्यांपैकी काहींना तीन महिन्यांच्या आत परत घेतले, तर प्रकरण ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे रोजगार न्यायाधिकरणात, जाऊ शकते. अनधिकृत संपात मात्र शंभरातल्या तिघांना वेचून काढता येते, आणि पहिला नंबर बहुधा जास्त बोलणाऱ्याचा लागतो. म्हणून पुढचा सारा खटाटोप एकच गोष्ट साधण्यासाठी आहे: कोणी एकटा दिसता कामा नये.

बाहेर पडण्याआधीची वीस मिनिटे

कॅन्टीनमध्ये किंवा आवारात सगळ्यांना जमवा आणि हात वर करून कौल घ्या. निम्मी माणसे गप्प असतील तर बाहेर पडू नका. अर्धी शिफ्ट आत राहिली की संप दुपारपर्यंत मोडतो आणि बाहेरचे उघडे पडतात. मागणी एकच ठेवा आणि ती एका वाक्यात सांगता यावी: ‘निलंबित सहकाऱ्याला कामावर घ्या’ किंवा ‘वळवलेले टपाल परत पाठवा’. पगार, सुट्ट्या, साहेबाची वागणूक असे सगळे एकत्र बांधले तर तडजोड करायला जागाच राहत नाही.

प्रतिनिधीवर ‘तूच हाक दे’ म्हणून दबाव आणू नका. तो बोलला की ती युनियनची हाक होते. त्याचे काम साहेबाशी बोलणी चालू ठेवण्याचे. व्हॉट्सॲप ग्रुपबाबतही हेच: संप आखण्यासाठी असलेल्या गटात एखादा पदाधिकारी सभासद असेल, तर त्या गटाने केलेली कृती कायद्याने त्याची, आणि पर्यायाने युनियनची धरली जाते. तुम्हाला काय हवे ते आधी ठरवा, मग ग्रुपमध्ये कोण आहे ते बघा.

नंतर टपाल. यावर जरा थांबू या, कारण संपाशी संबंध नसलेला गुन्हा इथेच गळ्यात पडतो. 2000 च्या टपाल सेवा कायद्याच्या कलम 83 प्रमाणे टपाल सेवेतल्या माणसाने कर्तव्य सोडून, योग्य कारणाशिवाय टपाल मुद्दाम रोखणे किंवा उघडणे हा फौजदारी गुन्हा आहे. तेव्हा अर्धवट लावलेले ट्रे छाटणीच्या फ्रेमवर जसे आहेत तसे ठेवा, लपवू नका, मिसळू नका. सही घेऊन द्यायच्या वस्तू, विशेषतः स्पेशल डिलिव्हरी, लॉकरमध्ये किंवा बॅगेत राहता कामा नयेत. त्या मोजून परत करा आणि परत केल्याची नोंद घ्या. गाडी कुलूपबंद करा, चाव्या आणि हातातले स्कॅनर यंत्र जमा करा. एकही पाकीट घरी जाऊ देऊ नका. बटवड्यावर असताना बातमी कळली तर रस्त्यात थैली टाकून यायचे नाही. गाडी ऑफिसला आणा, उरलेले टपाल परत करा आणि मग बाहेर पडा.

समोरच्या गेटने, एकत्र आणि वेळ लिहून बाहेर पडा.

गेटवर

पिकेट आपल्याच कामाच्या जागेपाशी किंवा तिच्याजवळ हवे, आणि हेतू फक्त माहिती देणे व शांततेने समजावणे एवढाच. पिकेटिंगच्या अधिकृत आचारसंहितेत एका प्रवेशद्वाराला सहापेक्षा जास्त माणसे नकोत असे म्हटले आहे. ती संहिता म्हणजे कायदा नव्हे, पण कोर्ट तिचा विचार करते. दोन-दोन तासांच्या पाळ्या लावा, बाकीच्यांनी समोरच्या फुटपाथवर किंवा चहाच्या जागी थांबावे. ऑफिस खासगी औद्योगिक वसाहतीच्या आत असेल तर मालकाच्या जमिनीवर उभे राहू नका, वसाहतीच्या तोंडाशी सार्वजनिक रस्त्यावर उभे राहा. 1989 च्या रेवेअर खटल्यात अपील कोर्टाने सुमारे एक किलोमीटरवरचे असे पिकेटही ‘जवळ’ धरले होते.

लॉरी आली की पुढे आडवे जायचे नाही. रस्ता अडवणे हा वेगळा गुन्हा आहे आणि पोलिसांना नेमके तेवढेच हवे असते. एकाच माणसाने ड्रायव्हरच्या खिडकीकडे जावे, हात मोकळे दिसू द्यावेत आणि तीन गोष्टी सांगाव्यात: आम्ही कोण, कशासाठी बाहेर आहोत, तुम्ही आत जाऊ नका ही विनंती. शिवी नाही, नंबरप्लेटचा फोटो नाही. ड्रायव्हर आत गेला तरी ‘संपफोड्या’ म्हणू नका. तो संध्याकाळी पुन्हा येणार आहे, आणि सकाळी आत गेलेला माणूस संध्याकाळी थांबलेला या गेटांनी अनेकदा पाहिला आहे.

थांबणाऱ्या ड्रायव्हरसाठी

तुमच्या ऑफिसात मतदान झालेले नाही आणि तुम्ही दुसऱ्याच्या पिकेटपाशी थांबता, तेव्हा कायद्याच्या नजरेत तुम्ही स्वतःच संप करत असता. सहानुभूतीच्या संपाला ब्रिटनमध्ये संरक्षण नाही. हे जाणून थांबा. गाडी वाहतुकीला अडथळा होणार नाही अशा जागी लावा, इंजिन बंद, मागचे दार सीलबंद, चावी तुमच्याकडे. लगेच कंट्रोलला फोन करून सरळ सांगा: ‘मी पिकेटपाशी आहे, ओलांडणार नाही, गाडी आणि माल सुरक्षित आहे, परत आणू का?’ हो म्हणाले तर परत आणा. लॉरी सोडून चालते होऊ नका, आणि ‘ब्रेक बिघडला’ असे खोटे कारण तर देऊच नका. ते उघड झाले की पिकेट बाजूला राहते आणि अप्रामाणिकपणाचा आरोप उरतो, त्यावर सहकारीही बाजू घेऊ शकत नाहीत.

गेटवर खरोखर मारामारीचा धोका दिसत असेल तर गोष्ट वेगळी. गंभीर आणि तातडीचा धोका असल्याचा तुमचा समज वाजवी असेल, तर 1996 च्या रोजगार हक्क कायद्यात माघार घेण्याला संरक्षण आहे. पण तो धोका दिसायला हवा, सोयीसाठी उभा केलेला नको.

साहेब एकेकाला आत बोलावतो

हे जवळजवळ नक्की होते. प्रश्न ठरलेला असतो: ‘हे टपाल लावायला तू नकार देतोस का?’ उत्तरही ठरवून ठेवा, सगळ्यांचे एकच: ‘प्रतिनिधी सोबत असल्याशिवाय बोलणार नाही. हुकूम लेखी द्या.’ शिस्तभंगाच्या सुनावणीत सोबती नेण्याचा हक्क 1999 च्या कायद्याने दिलेला आहे. कोण बोलले, किती वाजता, काय म्हणाले, हे त्याच दिवशी कागदावर उतरवा.

आत राहून अर्धेच काम करू, संपातले टपाल तेवढे बाजूला ठेवू, हा मार्ग सोपा वाटतो. पण अर्धवट काम स्वीकारत नाही असे मालकाने आधी स्पष्ट कळवले, तर त्या कामाचा पगार तो पूर्ण रोखू शकतो. राबूनही हाती काही नाही, अशी वेळ येते.

संपाच्या वेळेचा पगार अर्थातच कापला जातो. युनिव्हर्सल क्रेडिट ही कमी उत्पन्नासाठीची सरकारी मदत घेत असाल तर संपामुळे कमाई घटली म्हणून रक्कम वाढत नाही, कमाई पूर्वीइतकीच धरली जाते. नोकरीची सलगता तुटत नाही, फक्त संपाचे दिवस तीत मोजले जात नाहीत. आणखी एक गोष्ट विसरू नका: संपकऱ्यांच्या जागी एजन्सीने माणसे पुरवण्यावर बंदी आहे, पण अनधिकृत संपाला ती लागू होत नाही. दुसऱ्याच दिवशी अनोळखी माणसे आत जाताना दिसली तर दचकू नका.

परत जाताना

बाहेर पडणे सोपे असते, आत जाण्यात चुका होतात. निलंबित सहकारी कामावर घेतले जातील, संपावरून कोणावर कारवाई होणार नाही आणि साचलेले टपाल कोण, कोणत्या दराने, किती दिवसांत काढणार, या तिन्ही गोष्टी साहेबाच्या सहीने कागदावर घ्या. तिसरी गोष्ट हमखास राहून जाते. मग परतल्याच्या पहिल्याच सकाळी चार दिवसांचे टपाल एका फेरीत काढा असा हुकूम येतो आणि पुन्हा भांडण. कोणाला काढून टाकलेच असेल तर त्याच्यासाठी पुन्हा बाहेर पडण्याआधी थांबा: अनधिकृत संपात बडतर्फ झालेल्याला परत घ्या म्हणून केलेल्या संपाला 1992 च्या ट्रेड युनियन कायद्याच्या कलम 223 मुळे कायद्याचे संरक्षण मिळत नाही. त्यासाठी बोलणी हाच मार्ग उरतो, म्हणून ती आत जाण्याआधी पूर्ण करा.

सह्या झाल्या की गेटबाहेर पुन्हा जमा. कोण आले आहे ते मोजा, उशिरा येणाऱ्यासाठी थांबा, आणि निलंबित झालेल्याला पुढे ठेवून सगळे एकदम आत जा.