कोकणातील शेतजमिनीसाठी सरकारी योजना कशी शोधावी

योजना शोधायची म्हणजे संकेतस्थळ उघडायचे, असे बहुतेकांना वाटते. कोकणात मात्र सुरुवात सातबाऱ्यापासून केलेली बरी. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि आठ-अ (खात्यावरच्या सर्व जमिनींचा उतारा) काढून घ्यावा आणि त्यावरील नावे एकेक करून वाचावीत. आमच्या सातबाऱ्यावर सतरा नावे निघाली, त्यांपैकी चौघे हयात नव्हते आणि उरलेल्यांतले जवळपास निम्मे मुंबईत होते. सामाईक जमिनीवर फळबागेचा लाभ घ्यायचा असेल तर इतर खातेदारांचे संमतीपत्र लागते आणि कुळाचे नाव असल्यास कुळाचीही संमती लागते. मयतांच्या जागी वारसनोंदी तलाठ्याकडे आधीच करून घ्याव्यात. सह्यांचे म्हणाल, तर चाकरमानी गणपतीला घरी येतात त्या आठवड्यासारखा मुहूर्त वर्षात दुसरा नाही.

कागद हाती आल्यावर जमिनीवरून एक फेरी मारावी, कारण कोणत्या कचेरीत जायचे हे जमिनीच्या जातीवर ठरते. डोंगरउतारावरच्या वरकस, म्हणजे हलक्या जमिनीत माती धुपत असेल, तर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले चर), मजगी (उतार कापून केलेली भातखाचरे) आणि जुन्या भातखाचरांच्या बांधांची दुरुस्ती ही मृद्‌संधारणाची कामे येतात. त्यांची चौकशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करावी. ही कामे अनेकदा पाणलोट क्षेत्र धरून होत असल्यामुळे शेजारच्या खातेदारांना बरोबर घेऊन गेल्यास म्हणणे अधिक नीट ऐकले जाते. खाडीकाठच्या खाचरात भरतीचे पाणी शिरत असेल, तर मात्र खारभूमी विकास विभागाकडे जावे लागते. तेथे पहिला प्रश्न विचारावा तो बांध सरकारी योजनेतला आहे की खाजगी, हा; देखभाल कोणी करायची ते त्यावरच ठरते.

वैयक्तिक लाभासाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज करावा लागतो. २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला आहे. तो नसल्यास आपले सरकार सेवा केंद्रात आधार आणि सातबारा घेऊन नोंदणी करावी. गावपातळीवर ज्यांना आपण कृषी सहायक म्हणतो त्यांचे पदनाम आता सहायक कृषी अधिकारी झाले आहे. पोर्टलवरच्या लांबलचक यादीपेक्षा त्यांच्याशी झालेले अर्ध्या तासाचे बोलणे अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

कोकणासाठी सर्वांत जवळची योजना म्हणजे २०१८-१९ पासून सुरू असलेली भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना. इतर विभागांत किमान ०.२० हेक्टर क्षेत्र लागते, पण येथील तुकड्यांची शेती लक्षात घेऊन कोकणात ०.१० हेक्टर, म्हणजे सुमारे दहा गुंठे पुरतात. कमाल मर्यादाही इतरत्र ६ हेक्टर असताना येथे १० हेक्टर आहे. ठिबकसाठी अल्प व अत्यल्प भूधारकांना केंद्राचे ५५ टक्के अनुदान असून राज्याच्या पूरक अनुदानासह ते ८० टक्क्यांपर्यंत जाते. आंबा-काजूचा हवामानावर आधारित फळपीक विमा वेगळा असतो आणि त्यात भाग घेण्याची मुदत बागेला मोहोर येण्याच्या सुमारासच संपत असल्यामुळे दिवाळीपासूनच चौकशी ठेवावी.

यंत्र किंवा साहित्य घ्यायचे असेल, तर पूर्वसंमतीपत्र हाती येईपर्यंत एक रुपयाही खर्च करू नये. मी श्रावणात गवत कमरेएवढे वाढलेले पाहून ग्रासकटर आणला आणि पूर्वसंमती त्यानंतर नऊ दिवसांनी आली. बिलावरची तारीख आधीची असल्यामुळे अनुदान गेले, आणि त्यात चूक सर्वस्वी माझीच होती. संमती मिळाल्यावर घेतलेल्या वस्तूचे पक्के बिल मुदतीत पोर्टलवर चढवावे आणि मूळ प्रत जपून ठेवावी. अनुदान आधार जोडलेल्या खात्यात येते, तेव्हा ते खाते चालू असल्याची खात्री बँकेत जाऊन करून घ्यावी.

फळबागेचे अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी मिळते. दुसऱ्या वर्षी ८० टक्के आणि तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडे जिवंत असावी लागतात. म्हणून मेलेल्या रोपांच्या नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा, नव्या रोपांनी पावसाळ्यातच भराव्यात आणि वणव्याचे दिवस येण्यापूर्वी बागेभोवतीचे वाळके गवत कापून काढावे.